हंड्यावरची तारीख

साल २०२४. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा एका माणसाला माझ्याच ओटीवर बसून शिव्या घालत होतो. तो माझ्या नातीचा साहेब. पुण्याला बसतो. त्याचा नुसता आवाज फोनातून आमच्या वाडीपर्यंत आला होता, पण तेवढा मला पुरला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला फाटा फुटतो तिथून चढाची. मुलगा-सून मुंबईत. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी, एक गाय आणि चार शेळ्या. नात पुण्याला कंपनीत लागली होती. तिची तिथली खोली सुटली, दुसरी मिळेपर्यंत घरून काम करते म्हणाली आणि मुंबईला न जाता माझ्याकडे आली. मला बरं वाटलं. तसं मी तिला बोलून दाखवलं नाही.

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर मी शाळेत शिकलो नाही, भांड्यांवर शिकलो. पन्नास वर्षं मी भांड्यांवर नावं घातली. पोलादपूरच्या बाजारात आणि लग्नसराईत महाडला, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून, छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन. नंतर मशीनवाले आले. दाताच्या डॉक्टरासारखा आवाज काढतात आणि वरच्यावर रेघा ओढतात. चार वर्षं राखेनं घासलं की नाव गायब. माझं अक्षर खोदलेलं. ते बोटाला लागतं. आजही या तालुक्यात कुठल्याही जेवणावळीला गेलो की वाढप्याच्या हातातलं पातेलं बघून मी सांगतो, हे माझं, हे माझं नाही.

आणि नाव म्हणजे नुसती हौस नव्हती. लग्नात मुलीला भांडी देतात, त्यावर तिच्या बापाचं नाव, गाव, तारीख घालायची. का, तर उद्या काही झालं तर भांडं कोणाचं हे कळावं. आमच्याकडे घर वाटलं जातं तेव्हा गावकी बसते. कोण काय बोलतं ते नंतर, आधी भांडं उजेडात धरून फिरवतात. नाव ज्याचं, भांडं त्याचं. त्यावर कोणी वाद घालत नाही. म्हणून नाव घालणाऱ्याचा हात स्वच्छ पाहिजे. हे मी नातीला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि छाती पुढे काढून सांगितलं.

रेंज फक्त ओटीच्या एका कोपऱ्यात येते. तिथे ती पाट टाकून, मांडीवर कंप्युटर घेऊन बसायची. दोन दिवस मी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"काम काय करतेस गो नक्की?"

"टेस्टिंग."

"ते कलालं. कशाचं?"

"आजोबा, प्रोग्राम लिहिणारे सगळं स्वतः लिहीत नाहीत. काही भाग तयार मिळतात, ते घेतात. आमची कंपनी असा एक भाग बनवते. फाइल उघडायची, कॉपी करायची, ठेवायची, एवढंच तो करतो. त्याला लायब्ररी म्हणतात. पुढं तोच भाग कितीतरी प्रोग्रामांच्या पोटात जाणार. तो बरोबर चालतो का, ते मी बघते."

"म्हंजे फाइलीत काय लिवलंय ते तू वाचतेस?"

"नाही. आत काय आहे त्याच्याशी माझा संबंध नाही. फाइलीबद्दल जे लिहून ठेवलेलं असतं ते बघते. ती कोणाची, केवढी, कोणी उघडायची, कोणी बदलायची, शेवटची कधी बदलली, कधी बघितली. त्याला मेटाडेटा म्हणतात."

"नुसती बघितली तरी लिवून ठेवतात?"

"ठेवता येतं. बरेच जण ते बंद करतात."

"मग भांड्यावरचं नाव म्हण की. आत डाळ हाय का भात, त्याच्याशी तुला काय."

ती हसली. "तसंच म्हणा. फक्त भांडं कोणी उघडायचं ते तुम्ही कोरत नव्हता."

"ते सगल्यांना ठाव असायचं."

मग तिनं मला टेस्ट दाखवली. एक रिकामी फाइल बनवायची. तिला एक तारीख द्यायची. ठेवायची. मग लायब्ररीलाच विचारायचं, या फाइलीची तारीख काय? दिली तीच परत आली तर हिरवी खूण, दुसरी आली तर लाल. अशा तिच्याकडे शेकड्यानं टेस्टा होत्या. कुठे फाइल फक्त वाचायची, लिहायची नाही. कुठे ती फाइल नसून दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी पाटी. प्रत्येक वेळी तेच, दिलं ते परत आलं का. वेगवेगळ्या जातीच्या डिस्कांवर तेच परत. मला हे काम आवडलं. आमच्या घरातलं माणूस असंच काम करणार, असं मी मनात म्हटलं.

त्या आठवड्यात तिला जुन्या तारखा घालून बघायच्या होत्या. सकाळी ती न्हाणीत पाणी काढायला गेली. तिथे चुलवणावर आमचा तांब्याचा मोठा हंडा असतो. बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, हंड्यावर तारीख आहे. बारा एप्रिल एकोणीसशे बासष्ट. हीच घालते."

"दुसरी घे."

"का?"

"उगाच. घे दुसरी कुठली."

"चांगली आहे की. पणजोबांचं नाव आहे वर. अक्षर तुमचंच ना?"

मी शेळ्या सोडायला गेलो.

परत आलो तर ती कपाळाला हात लावून बसलेली. टेस्ट लाल झाली होती. तिनं फाइलीला दिली बारा एप्रिल बासष्ट, आणि एका जातीच्या डिस्कवरून परत आली एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटेचे साडेपाच. मी म्हटलं, हे सत्तर कुठून आलं? ती म्हणाली, कंप्युटर वेळ मोजतो ती तिथून. ग्रीनिचच्या वेळेनं तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले, आपल्याकडे साडेपाच. त्याच्या आधीची तारीख उणे आकड्यात ठेवावी लागते. बाकीच्या डिस्कांवर उणे नीट गेलं. या एकीवर लायब्ररी गुपचूप शून्य लिहून मोकळी होत होती.

"गुपचूप म्हंजे?"

"म्हणजे जमत नाही असं सांगत नाही. झालं म्हणते. आणि तारीख दुसरीच लिहिते."

काय सांगू, माझं डोकंच फिरलं. मी एक्कावन्न सालचा. माझा जन्म, माझी शाळा, माझं पहिलं अक्षर, सगळं त्या सत्तरच्या आधीचं. आणि हे यंत्र म्हणतं की त्याच्या आधी काही नव्हतंच. नाही जमत तर नाही म्हण. आमच्या दुकानदारानं एकदा बिडाचं भांडं आणलं, मी तोंडावर सांगितलं, यावर माझी छिन्नी चालत नाही, घेऊन जा. नाही म्हणायला काय जातं?

तिनं ते सगळं लिहून साहेबाला पाठवलं. दुपारी साहेबाचा फोन आला. रेंजसाठी तिनं फोन खिडकीत ठेवून मोठ्यानं लावला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अगं, एकोणीसशे सत्तरच्या आधीची फाइल असते का कोणाकडे?" साहेब म्हणाला. पुण्याची बोली, गोड. "शुक्रवारी रिलीज आहे. ती टेस्ट इग्नोर करून टाक ना."

"सर, जुन्या कागदांचे स्कॅन करणारे मूळ तारीख घालतात. सातबारे, जन्माचे दाखले. आणि एरर येत नाहीये, चुकीची तारीख जातेय."

"मग टेस्टमधली अपेक्षित तारीखच सत्तर कर. हिरवी होईल. पुढच्या वेळी बघू."

"म्हणजे जे चुकीचं येतं तेच बरोबर आहे असं लिहू?"

"असं म्हणू नकोस. विचार कर, संध्याकाळी सांग."

फोन ठेवल्यावर मी ओटीवर बसून त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. नात ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आजोबा, मी अजून सहा महिन्यांच्या परीक्षेवर आहे. तो मला नको म्हणू शकतो." कंप्युटर मिटून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं असतं, भांड्यावरची तारीख बदल, तर?"

मी म्हटलं, "हात तोडून दिला असता."

असं म्हटलं मी. तिच्या डोळ्यात बघून म्हटलं.

तिनं लगेच फोन उचलला. संध्याकाळची वाटसुद्धा बघितली नाही. "सर, मी टेस्ट बदलणार नाही आणि इग्नोरही करणार नाही. तुम्हाला काढायची तर तुम्ही काढा, तुमच्या नावानं." मग साहेबाचा गोडवा गेला. "ठीक आहे. उद्या दहाला मीटिंग. वरचे लोक पण असतील. तू प्रोबेशनवर आहेस, एवढं लक्षात ठेव."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि लहान असताना बघायची तशी बघितलं. "बरोबर ना आजोबा?"

मी उठलो आणि गोठ्यात गेलो. गाईला विनाकारण ओरडलो. कुंपणाची एक काठी सैल होती, ती ठोकायला घेतली आणि मोडून ठेवली. सगळा राग साहेबावर काढत होतो. पण न्हाणीचं दार गोठ्यातून दिसतं. आत तो हंडा.

तो हंडा आमचा नाही. तो माझ्या मधल्या वहिनीचा. तिच्या लग्नात, चौऱ्याहत्तर साली, तिच्या बापानं दिलेला. महाडच्या बाजारातून घेतला आणि डोक्यावर घेऊन बाप स्वतः चढ चढून आला. त्यावर त्याचं नाव मीच घातलेलं. मधला भाऊ मुंबईला गोदीत होता. शहाऐंशी साली तो तिथेच गेला. वहिनी पदरात एक मुलगी घेऊन माहेरी निघाली. गावकी बसणार होती, तिच्या बापाच्या नावाची भांडी तिला, आमच्या बापाच्या नावाची घरात. त्याच्या आठवडाभर आधी मोठा भाऊ हंडा घेऊन माझ्यासमोर बसला.

"यावरलं नाव काढ आणि आपल्या बाचं घाल. तारीख तिच्या लग्नाच्या आधली."

मी म्हटलं, "खोदलेलं अक्षर जात नाय."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला वाटलंच, तुला नाय जमायचा. महाडला एक हाय म्हंतात, त्याच्याकडं जातो."

एवढंच. ना धाक, ना आमिष. नाय जमायचा, एवढं ऐकलं आणि मी कानस हातात घेतली. तीन दिवस लागले. आधी कानस, मग आतून लाकूड लावून बाहेरून ठोके, जुन्या ठोक्यांत मिसळतील असे. मग नवं अक्षर, पण माझ्या वळणाचं नाही. बासष्टला मी अकरा वर्षांचा, ते माझ्या हाताचं वाटलं तर चोरी उघडी पडेल, म्हणून ज्याच्या हाताखाली शिकलो त्या गुरूच्या वळणाचं काढलं. वर चिंच, राख, काजळी. मोठा भाऊ बघतच राहिला. आणि मी, खरं सांगतो, खूश होतो.

गावकीत हंडा फिरवला. कोणीतरी मला विचारलं, "तू जाणता हाईस. अक्षर जुनं का नवं?" मी म्हटलं, "जुनं." वहिनी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं हंड्यावरून हात फिरवला, जिथे तिच्या बापाचं नाव होतं त्या जागी, आणि माझ्याकडे बघितलं. मोठा भाऊ पुढे वारला, त्याला मूलबाळ नव्हतं, हंडा माझ्याकडे आला. अडतीस वर्षं आमच्या घरानं त्याचं पाणी अंगावर घेतलं.

चहाच्या वेळेला मी नातीला हे सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बसवेना.

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मग तेव्हा हात का नाही तोडून दिला?"

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, "तोंड सांभाल. तुझ्या बापाला पण मी असा बोलू दिला नाय."

"मी तुमच्या जिवावर नोकरी पणाला लावली आजोबा."

"मंग सांग साहेबाला उद्या, माझा आजा खोटा निघाला, टेस्ट बदलते म्हून."

"टेस्टचा तुमच्याशी काय संबंध?" आता तिचाही आवाज चढला. "हंड्यावरची तारीख खोटी असो नाहीतर खरी. मी बासष्ट दिली, परत बासष्टच आली पाहिजे. आली नाही. लाल ती लालच. मी काही ती तुमच्यासाठी लाल ठेवलेली नाही."

"मंग मगाशी मला कशाला इचारलंस?"

"भीती वाटत होती म्हणून," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. रात्री जेवून हात धुताना तिनं एवढंच विचारलं, "त्या आजी आहेत अजून?"

"हाय. महाडला. मुलीकडं. तल्याच्या मागल्या अंगाला."

"तुम्ही कधी भेटलात?"

"बाजारात दिसते. ती नाय तोंड फिरवीत. मी फिरवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी हंडा चुलवणावरून उतरवला. बाहेरची काजळी घासून काढली, आतून चिंच लावली. नात उठून दारात आली, बघितलं, आणि शेळ्यांचा दोर स्वतःच्या हातात घेतला. मी छिन्नी आणि हातोडी फडक्यात बांधून घेतली. जीपवाला म्हणाला, "बाबा, भांडी इकायला काढलीव का?" मी म्हटलं, गाडी चालव. पोलादपूरहून एसटी. कंडक्टर म्हणाला हंडा मागे ठेवा, मी ठेवला नाही. महाडपर्यंत मांडीवर धरून बसलो.

वहिनी पायरीवर ताक घुसळत बसली होती. हंडा बघून तिचे हात थांबले. मला बघून नाही.

"वयनी, तुझा हंडा हाय."

"ठाव हाय," ती म्हणाली. "खाली ठेव. दोन हातांनी धरून दमला असशील, भावजी."

"अक्षर मीच घासलं होतं."

"ते पण ठाव हाय. जागा गुलगुलीत लागली हाताला. बाचं नाव खरखरीत लागायचं." मग म्हणाली, "अडतीस वरसं लागली रे तुला ह्या चढावरनं उतराया?"

मी फडकं सोडलं. "तुझ्या बाचं नाव घालतो. आधीचं घासून काढतो."

"घासायचं नाय," ती म्हणाली. एकदम कडक. "लय घासलंस. ते ऱ्हाऊ दे तिथंच. बघू दे लोकांना. त्याच्या खाली घाल."

मी तिच्या बापाचं नाव घातलं, गाव घातलं, तिच्या लग्नाची तारीख तिनं तोंडी सांगितली ती घातली. कोपर गुडघ्यावर टेकवून एकेक ठोका मारला. मध्येच फोन वाजला. नात होती.

"मीटिंग झाली. टेस्ट राहिली. चूक माहीत आहे असं लिहून रिलीज करणार, जुनी तारीख आली तर एरर देणार. गुपचूप नाही."

"आणि तू?"

"मला त्या कामावरून काढलं. दुसऱ्या टीममध्ये टाकलं. नोकरी आहे."

"चूक पकडली तिलाच काढली?"

"आजोबा, ओरडू नका. कुठे आहात?"

"कामावर," म्हटलं आणि फोन ठेवला. रागानं छिन्नी खाली आपटली. वहिनीनं ताकाचा पेला पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

तिनं ओल्या बोटानं नवीन अक्षरावरून हात फिरवला. "लागतं," म्हणाली. "आता हे कोणी केलं ते पण लिव."

पन्नास वर्षांत मी हजारो नावं घातली, स्वतःचं कधी कुठे घातलं नाही. म्हटलं, "माझं कशाला?"

"वरलं खोटं कोनाचं ते लोकांनी कुणाला इचारायचं मंग?"

मी हंडा फिरवून उजेडाकडे धरला. खोट्या नावाच्या शेजारी जागा होती. तिथे मी माझं नाव घातलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, आणि खाली त्या दिवसाची तारीख. मग तिला एकेक अक्षर वाचून दाखवलं.